अवयवांची वाटणी

"हू हॅज शी लॉस्ट?" मिसेस लाउंनी विचारलं, आणि दुभाषी म्हणून स्टुलावर बसलेली मी तोंडात मिठाची गुळणी धरून गप्प झाले. माझ्या सासूबाईंचं, म्हणजे आईंचं, उजवं मनगट टेबलावरच्या छोट्या उशीवर उताणं ठेवलेलं होतं आणि त्यावर मिसेस लाउंची तीन बोटं, एक दाबून, एक सैल, परत दाबून. कुणाला गमावलंय यांनी? मराठीत किती सोपं झालं असतं. कोण गेलं तुमचं? आई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "काय म्हणतायत?" "म्हणतायत, थंड काही खाऊ नका," मी म्हटलं. "बरं," आई म्हणाल्या. मग मी मिसेस लाउंकडे वळून सांगितलं, नो वन, नो वन रीसेंटली. एका दमात दोन भाषांत दोन खोटी बोलले, आणि दोन्ही अगदी शुद्ध. मिसेस लाउंनी मान हलवली, बोटं मात्र काढली नाहीत. आई खोकल्या. गेला दीड महिना खोकतात तशाच, कोरडं, तोंडावर पदर धरून, जणू खोकणं म्हणजे पाहुण्यांसमोर केलेला अपराध आहे.

मी फार्मासिस्ट आहे, हे आधीच सांगून टाकते. हॅमिल्टनला रोटोटुनात आमचं घर, आणि घरापासून जवळच्याच फार्मसीत मी दिवसभर लोकांना गोळ्या देते, जेवणाआधी की नंतर ते सांगते, आणि पुराव्याशिवाय कुणाला साधी चघळायची गोळीसुद्धा देत नाही. आईंच्या खोकल्यासाठी मी सगळं शहाण्यासारखं केलं होतं. जीपीकडे नेलं, छातीचा एक्स-रे काढला, तो आरशासारखा स्वच्छ आला. रक्तदाबाच्या ज्या गोळीनं खोकला येतो ती बदलून झाली. इनहेलर झाला, सितोपलादी झालं, हळद-दूध झालं. खोकला हलला नाही. मग वल्लरी म्हणाली (वल्लरी म्हणजे माझी पुण्याची मैत्रीण, ऑकलंडला बँकेत आहे, आणि तिच्याकडे प्रत्येक दुखण्यावर एक माणूस असतो), की दिवाळीच्या खरेदीला इकडं ऑकलंडात ओटाहुहूला येणारच आहेस ना, तर साडीच्या दुकानाच्या वर एक चायनीज बाई आहे, नुसत्या नाडीवरून ओळखते, मग सुया टोचते. थकलेलं माणूस कुठंही जातं. मला वाटलं होतं लाल कंदील असतील, उदबत्तीचा वास असेल. तिथं रग्बीचं कॅलेंडर होतं, आणि मिसेस लाउ साठीच्या, लहानपणीच या देशात आलेल्या, माझ्या लेकीपेक्षा, श्रियापेक्षा, पक्कं किवी इंग्रजी बोलणाऱ्या. "जीभ दाखवायला सांगा. स्वीट ॲज." म्हणजे झकास.

भिंतीवर एक तक्ता होता. माणसाचं चित्र, पोट उघडं, आणि प्रत्येक अवयवावर त्याच्या मालकीची भावना लिहिलेली. यकृतात राग. मूत्रपिंडात भीती. प्लीहेत काळजी. हृदयात आनंद. फुप्फुसात शोक. एकाचं बिघडलं की दुसऱ्याचं बिघडतं, मिसेस लाउ सांगत होत्या, कारण ही सगळी एका घरातली माणसं. प्लीहा ही फुप्फुसाची आई. आईनं नुसती काळजी करत बसायचं ठरवलं तर लेकराला काय मिळणार? तिथं मग शोक साठतो, बाहेर पडायला वाट शोधतो. माझ्या डोक्यातली फार्मासिस्ट हसली. आणि तिच्या मागं, जरा खाली, दुसरं कुणीतरी अजिबात हसलं नाही. सुया टोचून झाल्यावर, आई आत पडद्यामागं पडून होत्या तेव्हा, मी मिसेस लाउंना विचारलंच, तुम्हाला नाडीवरून खरंच कळतं का कुणी गेलंय ते? मिसेस लाउ प्रामाणिक बाई. म्हणाल्या, "सत्तरीच्या पुढचं माणूस खोकत आलं की मी हा प्रश्न विचारतेच. कुणी ना कुणी गेलेलं असतंच, डार्लिंग." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू थकलीयस." मी म्हटलं, या देशात थकलेलं कोण नाही? "ते मी रोजच बघते," त्या म्हणाल्या. "तू कशानं थकलीयस?" मी पर्समध्ये गाडीची किल्ली शोधायला लागले. किल्ली माझ्या हातातच होती.

परत येताना मोटरवेवर बॉम्बे हिल्सची पाटी आली. एरवी ती पाटी आली की आई न चुकता म्हणायच्या, "आली बाई मुंबई, उतरा आता." त्या दिवशी म्हणाल्या नाहीत. मागच्या सीटवर चकलीच्या भाजणीची आणि पणत्यांची पिशवी मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेर गाई, कुंपण, परत गाई. मी आरशातून त्यांच्याकडे बघितलं आणि मला माझाच राग आला, मग माझ्या नवऱ्याचा, चारूचा आला, मग त्या बाईचा, जिनं एवढ्या सहज विचारलं. कोण गेलं? राजाराममामा गेले. आईंचा एकुलता एक धाकटा भाऊ, मिरजेला. ऑगस्टच्या शेवटी, गणपतीच्या तोंडावर, दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मामांच्या मुलाचा, चिरागचा, फोन मी घेतला होता, फार्मसीच्या मागच्या खोलीत, हातात कुणाचीतरी इन्सुलिनची पेनं होती. आणि चिराग रडता रडता म्हणाला, "वहिनी, आत्याला इतक्यात सांगू नका. तिचं हार्ट." बस. तेवढं एक वाक्य. आईंना वर्षभरापूर्वी स्टेंट बसवलेत. डॉक्टर म्हणाले होते, फार ताण देऊ नका. डॉक्टर ते सगळ्यांनाच म्हणतात, मी स्वतः काउंटरवरून दिवसाकाठी कितीतरी जणांना म्हणते. पण आमच्या माणसांना अर्धवट ऐकलेलं वाक्य वेदवाक्य वाटतं. चारूनं रात्री डोळे पुसत मला विचारलं, "तू मेडिकलवाली. तूच सांग. सांगितलं तर काही होईल का?" आणि मी, जिला खात्रीनं माहीत होतं की कुणालाच खात्रीनं माहीत नसतं, म्हटलं, "थोडे दिवस थांबू." थोडे दिवस. थोडे दिवस हे सगळ्यात चिवट कापड आहे, कितीही ओढा, ताणतं.

मग मामांच्या कानाचं मशीन बिघडलं. म्हणजे चारूनं बिघडवलं. मामांना ऐकू कमी यायचं, मशीन लावायचे, आणि दर रविवारी बहीणभावाचा फोन व्हायचा, दोघंही ओरडून बोलायचे, पलीकडच्या घरातली मेरी मला एकदा विचारत होती, एव्हरीथिंग ओके? तर आईंना सांगितलं, मशीन कंपनीकडे दुरुस्तीला गेलंय, तोवर मामा फोनवर बोलत नाहीत, लाज वाटते त्यांना. पहिल्या रविवारी आई म्हणाल्या, "मग राजाला म्हणावं नुसतं तोंड दाखव." दुसऱ्या रविवारी म्हणाल्या, "नवीन घे म्हणावं, कंजूष मेला." तिसऱ्या रविवारी काही म्हणाल्याच नाहीत. नंतर विचारायचंच सोडलं. मी मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकला, सुंठीवाचून खोकला गेला म्हणतात तसं. खरा खोकला मात्र पहिल्या रविवारपासूनच सुरू झाला होता. गणपतीत त्यांनी मोदक वळले नाहीत, देवापाशी आल्या नाहीत, "गुडघे धरलेत गं, यंदा तूच कर सगळं," म्हणून खोलीत पडून राहिल्या. मी गुडघ्यांना लावायचं मलम नेऊन दिलं. मलम! घरात व्हॉट्सॲपवर कुटुंबाचा एक ग्रुप होता, त्याच्या शेजारी आम्ही दुसरा ग्रुप केला, आईंना वगळून. पहिल्या ग्रुपवर सुप्रभात आणि फुलं, दुसऱ्यावर दहावा, तेरावा, मामांचा हार घातलेला फोटो. मी घरातल्या घरात त्या दोन ग्रुपसारखी वागायला लागले. रात्री चारू कुशीवर वळून म्हणायचा, आज आई बऱ्या वाटल्या ना? मी म्हणायचे, हो.

मिसेस लाउंच्या तक्त्याला मी हसले खरी, पण आपण वेगळं काय बोलतो? भीतीनं पोटात गोळा येतो. रागानं पित्त खवळतं. वाईट बातमीनं उरात धस्स होतं, काळीज तुटतं, आणि काळीज म्हणजे खाटकाच्या दुकानात तर सरळ यकृतच. आजोळी कुणी माहेरच्या आठवणीनं गप्प झालं की आजी म्हणायची, पोटात ठेवू नकोस, पोट काही पेटी नाही. शरीरात सगळं कुठंतरी ठेवावं लागतं हे आपल्याला चिन्यांनी सांगायला नको होतं. गाडी चालवता चालवता माझ्या लक्षात आलं की आमच्या घरानं अवयव वाटून घेतलेत. भीती चारूकडे. बापाच्या पाठोपाठ आई जाईल या भीतीत तो पन्नाशीचा माणूस अजून शाळकरी आहे. काळजी माझ्याकडे, ती मला लग्नातच आंदण मिळाली. राग श्रियाकडे, सोळा वर्षांची आहे आणि तिला हे सगळं मुळातच पटलेलं नाही. "यू गाइज आर लाइंग टु हर एव्हरी सिंगल डे," ती म्हणाली होती, आणि चारू म्हणाला होता, "तुला नाही कळायचं," आणि ती म्हणाली होती, "नो, आय गेट इट हीप्स," म्हणजे पुरतंच कळतंय. शोक आईंकडे, हे मला कबूल करायचं नव्हतं, कारण माहितीच नसलेल्या गोष्टीचा शोक कसा होईल? आनंदाला मात्र कुणी वाली नव्हता. हृदय स्टेंट घालून आपलं चाललेलं. मागून आई एकदम म्हणाल्या, "प्रमोदिनी." "काय आई?" "त्या बाईचे हात किती ऊबदार होते गं." एवढंच. मग खोकला.

आणि पुढं भाऊबीज होती. खरं संकट तेच होतं, बाकी सगळं रेटता आलं असतं. दरवर्षी आई आयपॅडवर मामांना ओवाळायच्या. आयपॅड पाटावर उभा करायचा, भोवती रांगोळी, मामा तिकडं मिरजेत टोपी घालून बसलेले, इथं रात्रीचे आठ तर तिकडं ऐन दुपार. मशीन बिघडलं असलं तरी तोंड दाखवायला काय हरकत, असं आई म्हणणारच. मी चारूला म्हटलं, आता सांगून टाकू. मी बाजूला उभी राहते, गोळ्या जवळ ठेवते, मेरीला सांगून ठेवते. तो म्हणाला, दिवाळीत? सणाच्या दिवशी? तिचं काही झालं तर जन्मभर दर दिवाळीला... मग दोन दिवसांनी गॅरेजमधून बाहेर आला, चेहरा विचित्र उजळलेला. आयटीतल्या माणसाला सगळ्या दुःखांवर एक फाइल सापडते. मागच्या वर्षी श्रियानं शाळेच्या प्रोजेक्टसाठी भाऊबीजेचा तो अख्खा कॉल रेकॉर्ड केला होता. तोच लावायचा. नेट खराब आहे म्हणायचं, मधूनमधून अडकवायचा, मशीन नाही म्हणून मामांना तुझं ऐकू येत नाहीये म्हणायचं. आई ओवाळतील, मामा हसतील, संपलं. मी म्हटलं, चारू, तू वेडा झालायस का? तो म्हणाला, मग दुसरं काही सुचतंय का तुला? माझ्या अंगात नाही म्हणायचीसुद्धा ताकद उरली नव्हती, हे खरं. त्या क्लिपमध्ये एके ठिकाणी मामा म्हणाले होते, पुढच्या वर्षी मीच येतो बघ तिकडं. ते वाक्य चारूनं कापलं. मी गॅरेजच्या दाराशी धुतलेले कपडे घेऊन उभी होते, तो ते वाक्य परत परत ऐकत होता, नेमकं कुठं कापायचं म्हणून. मग आवाज थांबला. मी आत गेले नाही. गेले असते तर आम्ही दोघंही रडलो असतो आणि आईंना ऐकू गेलं असतं.

भाऊबीजेला मी श्रीखंड केलं, बटाट्याची भाजी केली, पुऱ्या लाटल्या. आई मामांनी दिलेली मोतिया रंगाची साडी नेसल्या, आणि तबक त्यांनी स्वतः मांडलं. कुंकू, अक्षता, सुपारी, निरांजन. रांगोळी श्रियानं काढली, घुश्शातच, पण छान काढली. वसंत ऋतू इथला, दिवस लांबलेला, काचेच्या सरकत्या दारातून बाहेरचं गवत अजून दिसत होतं. चारूनं आयपॅड पाटावर ठेवला. "आई, नेट जरा डाऊन आहे हं," तो म्हणाला, "आणि मामांना तुझं ऐकू नाही येणार." आई म्हणाल्या, "माहितीये मला." पडदा उजळला. मामा. टोपी, पांढरी मिशी, मागं मिरजेच्या घराची निळी भिंत. आणि त्यांचा तो घर दणाणून सोडणारा आवाज, "अक्का! दिसतोय का मी?"

आईंनी त्यांच्याकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं मला सांगता येणार नाही. चेहऱ्यावर काही हललं नाही, फक्त तोंड थोडं उघडलं, लहान मुलं झोपेत उघडतात तसं. मी गोळीची डबी मुठीत धरून त्यांच्या मागं उभी होते, छातीकडे बघत, श्वास बघत. "अक्का, अगं बोल की," मामा म्हणाले आणि हसले. आईंनी तबक उचललं. मला वाटलं, ओवाळतायत. पण त्या उठल्या, गुडघ्यावर हात टेकून, एका हातात तबक सांभाळत, आणि पाटाला वळसा घालून सरकत्या दाराकडे गेल्या. "आई, इकडे," चारू म्हणाला, "आई, मामा इकडे आहेत." त्यांनी दार सरकवलं, उंबऱ्यापाशी पडलेले चारूचे जँडल्स, त्याच्या रबरी चपला, पायात सरकवले आणि बाहेर गवतावर गेल्या. "आई! इकडे बघ ना, मामा!" त्याचा आवाज फुटला. पडद्यावर मामा एकट्यानंच काहीतरी विनोद सांगत होते. "चारू," मी म्हटलं, "ते बंद कर."

श्रिया माझ्याजवळ येऊन उभी राहिली. बाहेर आई तबक घेऊन आभाळ शोधत होत्या, आधी इकडे, मग तिकडे. "व्हॉट इज शी डूइंग?" तिनं हळूच विचारलं. मी मराठीतच बोलले, चारूला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "भाऊ नसला ना, की बाई चंद्राला ओवाळते." आमच्या घरात दोन महिन्यांत मोठ्यानं बोललेलं ते पहिलं खरं वाक्य होतं. चारू पाटाशेजारी जमिनीवर बसला. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि श्रिया, जी त्याच्याशी चार दिवस बोलत नव्हती, त्याच्या पाठीशी जाऊन बसली.

मी बाहेर गेले. वारा होता. आईंनी मान न वळवता विचारलं, "प्रमोदिनी, इथं कुठल्या बाजूला असतो गं तो?" मी पश्चिमेकडे बोट केलं. मेरीच्या छपराच्या वर, उजेड पुरता गेलेला नव्हता, आणि द्वितीयेची बारीक कोर होती, आपल्याकडच्यापेक्षा उलटी वळलेली. "हा होय," त्या म्हणाल्या, "उलटा आहे. असू दे." निरांजनाची ज्योत वाऱ्यानं आडवी होत होती. मी दोन्ही हातांचा आडोसा केला, एका मुठीत डबी होती तशीच. "आई, तुम्हाला कधीपासून..." "त्याच दिवशी. चिरागनं आपल्या फोनावरचा फोटो बदलला होता, राजाचा, हार घातलेला. मी उघडून बघेपर्यंत काढून टाकला पोरानं. म्हटलं, सांगतील. मग बघितलं, तुम्ही किती धावपळ करताय मला कळू नये म्हणून. चारू तर असा घाबरलेला. म्हटलं, मी रडले तर हा कोसळेल. म्हणून नाही रडले." त्यांनी कुंकवाचं बोट चंद्राच्या दिशेनं लावलं, अक्षता उडवल्या, त्या गवतात पडल्या, आणि तबक गोल फिरवलं. त्यांच्याबरोबर माझे हातही फिरत होते, ज्योतीभोवती. "राजा," त्या म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात, पलीकडच्या खोलीत हाक मारावी तसं. मग तबक माझ्या मोकळ्या हातात दिलं. त्यांचा श्वास वर चढला, छाती हलायला लागली, आणि सवयीनं माझी मूठ उघडली, त्यात ती डबी. आईंनी माझं मनगट घट्ट धरलं.

"नंतर दे," त्या म्हणाल्या. "आता मला रडू दे."